स्त्रियांच्या रकान्यातलं एक मत

आमच्या घरमालकांचा उजवा कोपर टाचेसारखा झाला होता. ते ततामी शिवायचे, म्हणजे जपानी घरांत जमिनीवर बसवतात त्या पेंढ्याच्या जाड चटया. सुई आरपार घालायची, दोरा ओढायचा आणि तो ताठ बसावा म्हणून कोपराने दाबायचं, असं काम त्यांनी जन्मभर केलं होतं. त्याच कोपराने ते बायकोला मारायचे. हात उगारायचे नाहीत, आवाजही चढवायचे नाहीत. ती शेजारून जात असली की न वळताच कोपर तिच्या बरगडीत जायचा आणि पुढचा टाका सुरू व्हायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चुकून लागलं असेल.

मी फुनाबोरी नावाच्या वस्तीत त्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहायचे. शिष्यवृत्तीवर आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते आणि आईला सहीपुरतं लिहिता यायचं. निवडणुकीच्या सकाळी वडील आईला चिन्ह सांगायचे, आई मान हलवायची. ती आत जाऊन काय करते, हे मी तिला कधी विचारलं नाही.

खोली मला जवळच्याच हिगाशी-कसाई भागात राहणाऱ्या एका वहिनींनी शोधून दिली होती. त्यांचे यजमान पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर आले होते. त्या वर्षांत असे आपले बरेच लोक तिथे येत होते आणि त्यांना लाकडी जमिनीची नवी घरं लागत. घरमालकांचा त्यावर राग होता. त्यांची बायको मात्र हसून म्हणायची की ज्या घरात अजून ततामी आहे तिथे तुम्ही लोक हळद सांडता, म्हणून तर आम्हाला काम मिळतं. तिला मी तोंडाने ओबा-सान म्हणायचे, मनात काकू.

त्या शरद ऋतूत सत्तेतल्या पक्षाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. जो अध्यक्ष होईल तोच पंतप्रधान होणार, म्हणून टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. मत फक्त पक्षाच्या सभासदांना. त्यांना घरी पोस्टकार्ड येतं, त्यावर उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहून टपालात टाकायचं. आमच्या गल्लीत मात्र वेगळी रीत होती. दुकानदारांच्या संघाचे प्रमुख तांदळाचे व्यापारी होते. ते घरोघरी जाऊन कोरी पोस्टकार्डं गोळा करत आणि संघाने ठरवलेल्या माणसाचं नाव सगळ्यांवर एकत्र लिहीत. संघाने पक्षाला ठरावीक सभासद भरून द्यायचे असत. एका वर्षी एक नाव कमी पडलं, तेव्हा घरमालकांनी बायकोचं नाव देऊन टाकलं. अशी गल्लीतल्या सभासदांत ती एकटी बाई झाली. तिचं मत तिच्या हाताने कधीच लिहिलं गेलं नव्हतं.

वर्तमानपत्रांच्या चाचण्यांत संघाचा माणूस पुष्कळ पुढे होता. त्या चाचण्यांसाठी सभासदांना फोन येत, त्यातला एक मी ऐकला. मी दुकानात उभी होते. काकूने फोन घेतला, पलीकडचा काहीतरी विचारत होता, घरमालक सुई थांबवून तिच्याकडे बघत होते. तिने संघाच्या माणसाचं नाव सांगितलं, आभार मानले, फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी जळणारा आणि न जळणारा कचरा वेगळा करताना ती मला म्हणाली, "काल मी खोटं बोलले. ते लोक फोन करतात तेव्हा नवरा शेजारी असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही का?"

मग तिने सांगितलं की या वेळी ती स्वतः लिहिणार आहे, दुसऱ्या उमेदवाराचं नाव. तो दुसरा का, असं मी विचारलं. तिने बाटलीचं झाकण काढून वेगळ्या पिशवीत टाकलं आणि म्हणाली की कारण विशेष नाही, तो हरणार असं सगळे फार खात्रीने सांगतात म्हणून. त्याच आठवड्यात पोस्टकार्डं आली. तिने आपलं माझ्याकडे आणून दिलं आणि लिहायची सवड मिळेपर्यंत वर ठेव म्हणाली. मी ते शब्दकोशात ठेवलं.

खरं तर इथेच मी थांबायला हवं होतं. पण त्या सत्रात आमच्या प्राध्यापकांनी विषय दिला होता, जनमत चाचण्या का चुकतात. काकूचं वाक्य माझ्या डोक्यात होतं. मी ठरवलं, फोन नको, समोरासमोर नको. सारख्या लिफाफ्यांत प्रश्नपत्रिका द्यायच्या, नाव लिहायचं नाही, बंद पेटीत टाकायचं. गल्लीतल्या सभासदांकडे मी स्वतः गेले, प्रत्येकापुढे वाकून सांगितलं की कुणाचं उत्तर कुणालाही कळणार नाही. परदेशी मुलगी, शिकतेय बिचारी, म्हणून सगळ्यांनी भरून दिलं. तांदूळवाल्यांनीसुद्धा दिलं. वर मला विचारलं की तुमच्या देशात हत्ती मोजायला ठेवत नाहीत का तुला. मीही हसले.

उत्तरं फोनवरच्या चाचण्यांशी जुळत नव्हती, ते पाहून मी हरखून गेले. मला शिकवल्याप्रमाणे मी तक्ता केला, उमेदवार उभे, वय आणि स्त्री-पुरुष आडवे. ज्यांनी मदत केली त्यांना निकाल दाखवायला हवा, ही तिथली पद्धत मला माहीत होती आणि ती पाळण्याचा मला अभिमान होता. गल्लीत सूचना लावलेली एक पाटी घरोघर फिरते. वाचायची, आपल्या नावाचा शिक्का मारायचा, शेजारी नेऊन द्यायची. मी तक्त्याची सुबक प्रत त्या पाटीला लावली आणि पुढे दिली.

मग सायकलने हिगाशी-कसाईला गेले, वहिनींना तक्ता दाखवायला. त्यांचे यजमान त्या दिवशी घरी होते. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हीच त्यांची नोकरी. त्यांनी कागद हातात घेतला आणि पोहे खाता खाता म्हणाले, "स्त्रियांच्या रकान्यात एकच मत, आणि तेही दुसऱ्याला? अगं, मग नावच लिहायचंस की. शिक्क्यासकट."

वहिनी त्यांच्यावर डाफरल्या की पोरगी एवढ्या लांबून आली आणि तुम्ही काय टोमणे मारता. मी उठले होते. चप्पल घालताना मला पट्टा सापडत नव्हता.

पोचले तेव्हा दुकानाचं सरकतं दार अर्धं उघडं होतं. तांदूळवाले उंबऱ्याजवळच्या फळीवर बसले होते, मांडीवर ती पाटी, हातात रबर लावलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा. ते अगदी शांतपणे बोलत होते. घरमालकांना म्हणत होते की संघाच्या कामात घरातलं एक माणूस सांभाळता येत नसेल तर संघाकडून मिळणारं शाळेच्या चटयांचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं का, याचा विचार करावा लागेल. घरमालक मान खाली घालून हो हो करत होते. काकू जमिनीवर बसली होती. तिचा खालचा ओठ फाटला होता आणि रक्त नव्या, अजून हिरव्या चटईवर गळत होतं.

"कार्ड कुठे आहे?" घरमालकांनी विचारलं.

कोपर तिच्या तोंडावर बसला. आवाज ओल्या लाकडासारखा आला. ती आडवी पडली आणि परत उठून बसली.

मी पुढे झाले. जपानी शब्द सापडेनात, तरी म्हणाले की चूक माझी आहे, आकडा चुकीचा आहे, मी मोजताना चुकले. मला खरंच वाटलं की एवढं खोटं बोललं तर ते थांबेल. तांदूळवाले माझ्याकडे वळून सौम्यपणे म्हणाले, "म्हणजे तुझी चाचणी चुकली म्हणायची?"

मी हो म्हणणार, तोच काकू बोलली. तोंडात रक्त होतं, तरी प्रत्येक शब्द कळला.

"आकडा बरोबर आहे."

घरमालकांनी बाजूचा लाकडी हातोडा उचलला. चटईच्या कडा ठोकून बसवायला वापरतात तो. तिचं उजवं मनगट धरून त्यांनी हात फळीवर दाबला आणि पुन्हा विचारलं, कार्ड कुठे आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. नकाराची मान इतकी थोडी हलवली की दुसऱ्या कुणाला दिसली नसेल. कार्ड वरच्या माझ्या खोलीत, दहा पायऱ्यांवर होतं. मी ते आणून दिलं असतं तर हातोडा खाली ठेवला गेला असता. मी आणलं नाही. हातोडा तिच्या बोटांवर आला. मग पुन्हा आला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मी त्यांच्या दंडाला लटकले. त्यांनी मागे न बघता कोपर मारला तो माझ्या कानाखाली लागला आणि मी चटयांच्या थप्पीवर पडले. तांदूळवाले एव्हाना उठून बूट घालत होते. पायमोजे नीट करून, वाकून, ते गेले.

मी गप्प बसले ते तिच्या खुणेखातर की भीतीने, हे मला आजही धड सांगता येत नाही.

टॅक्सीने मी तिला दवाखान्यात नेलं. दोन बोटं मोडली होती आणि तिसऱ्याचं पेर चिरडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की चटयांची थप्पी पडली. त्यांनी माझ्या सुजलेल्या जबड्याकडे पाहिलं. पोलिसांना बोलवायचं का, असं मी तिला मराठीत विचारत होते, हे मला थोड्या वेळाने कळलं. जपानीत विचारलं. ती नाही म्हणाली, आणि मग म्हणाली, "ते घेऊन ये."

मी परत गेले. घरमालक चटईवरचं रक्त ओल्या फडक्याने टिपत होते, रेषेरेषेने, गवत खराब होऊ नये म्हणून हलक्या हाताने. मी वर गेले, कार्ड घेतलं, खाली आले. ते जिन्याशी उभे होते.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. त्यांचा कोपर उठला. मी डोळे मिटले नाहीत, कारण मिटले तर कार्ड हातातून जाईल असं वाटलं. कोपर उचललेलाच राहिला. मी त्यांच्या काखेखालून निघून गेले.

दवाखान्याच्या बाकावर तिने कार्ड गुडघ्यावर ठेवलं. उजव्या हाताला पांढरं प्लास्टर. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. ती म्हणाली, "मग त्या तांदूळवाल्यात आणि तुझ्यात फरक काय?"

तिने पेन डाव्या हातात धरलं. अक्षरं चौकटीबाहेर गेली, एक रेघ तुटली, तिने ती परत जोडली. चौकटीबाहेर लिहिलेलं मत बाद होऊ शकतं, असं कार्डावर बारीक अक्षरात छापलं होतं. मी ते वाचलं होतं. तिनेही वाचलं असणार.

पोस्टाच्या लाल पेटीत तिने कार्ड टाकलं आणि पेटीवरची वेळ पाहिली. टपाल न्यायला अजून तासभर होता. ती कठड्यावर बसली. मी म्हटलं, आता कुणी काढू शकत नाही. ती प्लास्टरचा हात मांडीवर धरून पेटीकडे बघत राहिली. तिच्या ओठावरचं रक्त वाळून काळं झालं होतं आणि येणारेजाणारे बघून न बघितल्यासारखं करत होते. गाडी आली. पोस्टमनने किल्ली फिरवली, पेटी पिशवीत उपडी केली, आम्हाला बघून किंचित वाकला आणि गेला.

गाडी वळेपर्यंत ती बसून राहिली. मग उठली आणि म्हणाली, "चल. त्यांची जेवायची वेळ झाली."

मी तिच्याबरोबर गेले.