आबांच्या गाडीची नवी वेसण

सेल्फ दाबला की 'टक्' व्हायचं, आणि सगळं पुन्हा गप्प. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी छोटी मोटर. ती फिरली की इंजिन जागं होतं. इथं तीच डोळे उघडायला तयार नव्हती.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. चिखलीत माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान होतं. पोळ्याच्या दिवशी सकाळीच उंद्रीच्या आबांचा ड्रायव्हर किसन मला न्यायला आला. आबा मोठे शेतकरी, आणि त्यांची जुनी विलायती गाडी म्हणजे जीव की प्राण.

पाऊस नुकताच थांबला होता. निंबाखाली गाडी उभी. ओढ्यावर बैल धूत होते, तिकडून घुंगरांचा आवाज यायचा, मधेच विरायचा. हवा अशी की कामाची घाईच वाटू नये. पण आबा काठी टेकून शेजारीच उभे होते. डोळ्यांनी त्यांना जेमतेम दिसायचं.

"मिस्तरी, आज संध्याकाळी शांता शेगावावरून नागपूरले जाऊन राह्यली," ते म्हणाले. "निरोप धाडला तिनं. आबा सोता स्टेशनावर आले तं उतरीन. नाई तं तशीच पुढं."

शांता त्यांची एकुलती एक लेक. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून 'या घराची वाट विसर' असं आबांनीच तिला बजावलं होतं. त्यानंतर ती उंद्रीला आली नव्हती.

एसटी निघून गेली होती. हँडल मारून मारून किसनचा खांदा भरून आला होता. इंजिन एकदा खोकायचं, की संपलं. गड्यांनी ढकलून पाहिलं तर काळ्या चिखलात चाकं नुसती घसरत होती. एरवी बैलजोडी लावून सडकेपर्यंत ओढली असती. पण पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नसतं, आणि आबांसमोर तसं सुचवायची कुणाची छाती नव्हती.

मी हेडलाइट लावून पाहिले. लख्ख. म्हणजे बॅटरी ठणठणीत. सेल्फची जाड वायर पाहिली, घट्ट. सेल्फ काढून तपासावा का, या विचारात सीटवर बसलो. घुंगरं वाजत होती. खरं सांगतो, मला पेंग येत होती. पुन्हा सेल्फ दाबून सहज चोक ओढला, तर बोटाला चटका बसला.

चोकची तार लोखंडी, तिचं विजेशी काही देणंघेणं नाही. ती तापली म्हणजे करंट चोरवाटेनं चालला होता.

"आबा, करंट बॅटरीतून निघून इंजिनात जातो. पण त्याला बॅटरीकडे परतही यावं लागतं. परतीची वाट तुटली की सगळं बंद. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून त्याला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते. तिला आम्ही अर्थ म्हणतो. तीच ती वाट."

बोलता बोलता मी बॉनेटमध्ये खाली वाकलो आणि तसाच राहिलो. पट्टीच्या जागी लाल-पिवळ्या सुताची कोरी करकरीत वेसण होती, दोन्ही बोल्टांना नीट आवळलेली. सुतातून करंट जाणार कसा? तो चोकच्या तारेतून परतत होता.

"किसन, हे कोणाचं काम?"

किसन जमिनीकडे पाहू लागला. त्याला ठाऊक होतं, पण मालकाचं नाव तो घेईना.

"म्या बदलली," आबा म्हणाले. "हातानं चाचपलं तं जुनी येसन पार झिजली व्हती. बैलायले नवी घेतली, मंग तिले काऊन नाई? लेकीले आनाले चालली नं ते."

मला हसू आलं. जुनी पट्टी गोठ्यात खुंटीला अडकवलेली होती. घासून बसवली. सेल्फ दाबला, आणि निंबावरचे पक्षी उडाले.  सोडलेली सुताची वेसण आबांनी हातातच धरून ठेवली.

वाटेत बंद पडू नये म्हणून मलाही सोबत नेलं. घाट उतरताना ढग रस्त्यावर आले होते, खाली सगळं हिरवं, आणि मागच्या सीटवर आबा, वेसण अजून हातातच.

शेगावच्या फलाटावर आगगाडी आली. शांता डब्याच्या दारात उभी होती, पण उतरेना. आबांना ती दिसलीच नव्हती. मी त्यांना दारापाशी नेलं.

"शांते, वाट म्याच तोडली व्हती वं," आबा म्हणाले. "उतर."

ती त्यांच्या हाताकडे पाहत राहिली.

"आबा, हे येसन कोनासाठी?"

"मोटरीले आनली व्हती."

शांता हसली, मग रडली, आणि शिट्टी वाजायच्या आत ट्रंक घेऊन खाली उतरली. बाहेर किसननं इंजिन चालूच ठेवलं होतं. बंद करायची त्याची हिंमत झाली नव्हती.

तेव्हापासून गाडी सुरू होत नसली तर मी आधी बॅटरी पाहत नाही. शेवटचा हात कोणी लावला, ते विचारतो. आणि हात लाडानं लावलेला असेल, तर तपासणी तिथूनच सुरू करतो.