परतूरच्या दारावर लिहिलेले बदल
कपाशीच्या बियाण्याला चोळलेल्या औषधाचा उग्र वास आला, की मला परतूरच्या गोदामातून आलेला तो फोन आठवतो. जालन्याच्या आमच्या बियाणे कंपनीचा कारभार इंटरनेटवरच्या प्रोग्रामवर चालायचा. त्यातला प्रत्येक बदल मी माझ्याकडे तारीखवार जपून ठेवायचो, आणि त्याचा तोरा काय वर्णावा! त्या सकाळी मी थाटात नवी आवृत्ती चढवली, चहाचा घोट घेतला, तोच गोदाम सांभाळणाऱ्या मामांचा फोन. “भाऊ, उगवण कमी आलेला लॉट काल मी अडवला व्हता. आज तो हिरवा, म्हंजे विकायला मोकळा, कसा दिसून राह्यला? गाडी भरली, मंठ्याला निघायच्या बेतात हाय.” मी म्हणालो, “मामा, अडवायचा नियम माझ्याकडे नाहीच.” “कसा असंल? मी डायरेक्ट स्क्रीनवर टाकला व्हता.” माझ्या आवृत्तीने मामांनी थेट चालू प्रोग्राममध्ये केलेलं सगळं काम पुसलं होतं, आणि ते बी पेरलं असतं तर मंठ्याची शिवारं धड उगवलीच नसती. “मामा, गाडी थांबवा.” “थांबवली की. चावी माझ्या खिशात हाय.” मामा स्वतः केलेला प्रत्येक बदल गोदामाच्या दारावर खडूने लिहायचे. फोनवर ते वाचत गेले, मी एकेक बदल परत टाकत गेलो. शेवटी ते जरा अडखळले. “अजून एक हाय. तुमच्या नावापुढचं साहेब मी काढलं व्हतं, ते परत आलंय.” मी मुकाट्याने काढलं. आता काहीही चढवण्याआधी मी परतूरला विचारतो, आणि त्या स्क्रीनवर अजून बिनसाहेबाचाच आहे.