बटणकाकांची रजा

दवाखान्याच्या तळघरात एक सर्व्हर होता आणि तो सांभाळायला एक काका होते. सगळे त्यांना बटणकाका म्हणायचे. लाइट जाऊन आली की सर्व्हर चालू व्हायचा खरा, पण काळ्या पडद्यावर अडून बसायचा. काकांनी येऊन बटण दाबल्याशिवाय गाडी पुढे हलायची नाही. तोवर वर लॅबमध्ये रिपोर्ट अडकलेले आणि माणसं ताटकळलेली.

ही व्यवस्था काकांचीच. फार पूर्वी लाइटचा लपंडाव चालू असताना सर्व्हर आपोआप सुरू होत राहिला, बंद पडत राहिला आणि शेवटी डिस्कच खराब झाली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. काकांनी आपोआप सुरू होणं बंदच करून टाकलं. पुढे मोठी बॅटरी आली, लाइट फार वेळ गेली तरच सर्व्हर बंद पडू लागला, भीतीचं कारण उरलं नाही, सेटिंग मात्र तशीच राहिली. खरं सांगायचं तर काकांना त्या फोनची गोडी लागली होती. "काका, या ना लवकर" असं कुणी म्हटलं की ते हातातला घास टाकून निघायचे. आपल्यावाचून कुणाचं तरी घोडं अडतं, हे सुख काही लहान नसतं.

मग दूर राहणाऱ्या मुलीचं ऑपरेशन झालं. तिने फोनवर स्पष्टच सांगितलं, "बाबा, आठ दिवस राहणार असाल तर या. मध्येच उठून जाणार असाल तर येऊच नका."

काका तळघरात गेले. सेटिंग उघडली, 'आपोआप' निवडलं. खात्री करायला सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तो कुणाचीही वाट न बघता निमूट कामाला लागला. काकांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

मुलीकडे पोचल्यावरही त्यांचा जीव फोनमध्येच. फोन काही येईना, तेव्हा एका दुपारी त्यांनीच लॅबमधल्या ताईंना लावला.

"सकाळी लाइट गेली होती की, काका! आली आणि सगळं सुरू झालं. तुम्ही आराम करा हो."

काका हिरमुसले. फोन ठेवून वळले, तर मुलगी टाके सांभाळत कपाटापाशी उभी. लाइटचं बोलणं कानावर पडताच तिने त्यांचे शर्ट पिशवीत भरायला घेतले होते.

"अगं, हे काय?"

"निघणार ना आता?"

"नाही गं. आता ते आपोआप सुरू होतं. सेटिंग बदलून आलोय मी."

"अवघड होतं का?"

"छे! एक पर्याय तर बदलायचा."

मुलगी हातातल्या शर्टाकडे बघत राहिली. "आई गेली त्या दुपारी तुम्ही बटण दाबायलाच गेला होतात, बाबा."

काकांची मान खाली गेली. यंत्राच्या माथी मारावं असं काही उरलंच नव्हतं. ते म्हणाले, "हो."

मुलीने डोळे पुसले आणि पिशवीतले शर्ट एकेक करून परत कपाटात ठेवले.