खजुराच्या बियांवरचं तांबं

प्रमोद करंदीकरला त्याच्या साहेबाने फसवलं. प्रमोदने शोधलेली पद्धत साहेबाने स्वतःच्या नावावर लावली, आणि प्रमोद गेला तरी तशीच ठेवली. साहेबाचं नाव या पुरवणीत छापणार नाही असं संपादक म्हणाले, म्हणून लिहीत नाही. त्याला कळेल.

प्रमोदच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, मनामाच्या बाजारात कापडवाल्याशी हुज्जत घालत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. कापडवाला म्हणत होता त्या भावाला मी हो म्हणून टाकलं... आयुष्यात पहिल्यांदा.

जिदहफ्सला माझा डाईंगचा कारखाना आहे. इचलकरंजीत हेल्पर होतो, इथे स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो. अबाये, म्हणजे इथल्या बायकांचे पायघोळ झगे, काळे रंगवतो, युनिफॉर्म रंगवतो. प्रमोद पुण्याचा, पाणी तपासणाऱ्या कंपनीत केमिस्ट. नमुना घ्यायला आला तेव्हा मी त्याला गेटवरच झापलं. माझं सांडपाणी शाईसारखं काळं होतं आणि कारखाना बंद पडायची भीती डोक्यावर होती. तो शांतपणे म्हणाला, मला प्रयोगाला पाणी द्या, याचा रंग तोडता येईल. तांब्याचे डोळ्यांना न दिसणारे कण करायचे, सोबत एक पांढरी पूड घालायची. रंग तोडते पूड, पण कण नसतील तर ती नुसती बसून राहते. कण दोघांची गाठ घालून देतात आणि स्वतः खर्च होत नाहीत.

"म्हणजे दलाल," मी म्हणालो.

"हो. पण कमिशन न घेणारा. म्हणून तुम्हाला ओळखीचा वाटणार नाही."

त्या दिवसापासून आमची दोस्ती. पाणी फुकट दिलं, पण अट घातली : प्रयोग माझ्या हौदातल्या पाण्यावरच दाखवायचा. लॅबमधल्या स्वच्छ पाण्यात त्याचा रंग झटक्यात उडाला होता. माझ्या पाण्यात काहीच होईना. डाईंगला आम्ही पोत्यांनी मीठ ओततो. त्या मिठाने कण एकमेकांना चिकटून गोळा झाले आणि निकामी ठरले. दुसरा कुणी वैतागला असता, हा हसला. मग बुदैयाच्या एका मळ्यातून खजुराच्या बिया आणल्या. त्यांचा कोळसा करून त्यावर कण बसवायचे, म्हणजे ते जागचे हलणार नाहीत. वहिनी बाल्कनीत बिया वाळवायच्या. याचं लोणचं घालतात का, असं शेजारच्या मल्याळी बाईंनी विचारलं होतं.

आणि एका दुपारी माझ्याच कारखान्यात, माझंच पाणी, बरणीत काळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं पिवळट, आणि मग पलीकडची भिंत दिसायला लागली. माझा बंगाली कारागीर रफीक म्हणाला, "खलास!" मी प्रमोदला उचललाच. तो मात्र म्हणाला, रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही, तुटलेले तुकडेही घातक असू शकतात. मी शिव्या घातल्या, तरी कारखान्यात प्लांट बसवताना त्याने मागे ते तुकडे काढायला दुसरी टाकी लावून घेतली आणि रिपोर्ट स्वच्छ येईपर्यंत मला थांबवलं. आज ते पाणी कुणीही येऊन तपासावं. माझा कारखाना चालू आहे, त्याच्यामुळे.

नंतर झल्लाकच्या एका हॉटेलात कंपनीचा कार्यक्रम झाला. साहेब स्टेजवर 'माझी पद्धत' म्हणत होता, प्रमोद शेवटच्या रांगेत. मी उठलो, तर त्याने बाही धरली. त्याचा व्हिसा त्याच कंपनीचा होता. "यल्ला, चल, चहा घेऊ," म्हणाला... मी बसलो नाही, पण गप्प राहिलो, त्याच्यासाठी.

आता मी कुणासाठी गप्प राहू? प्रमोद गेल्यावर साहेब पाहुण्यांना घेऊन माझा प्लांट दाखवायला आला. एका पाहुण्याने विचारलं, इतक्या मिठात हे कण टिकतात कसे? साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यांसमोर हिंदीत सांगितलं, "जिसको मालूम था, उसका नाम प्रमोद करंदीकर था." मग बिया, कोळसा, सगळं सांगितलं. पाहुण्यांनी ते नाव लिहून घेतलं. साहेब गाडीत जाऊन बसला.

प्रमोदची मुलगी सई कॉलेजात आहे. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. परवा कंपनीचं माहितीपत्रक माझ्यासमोर ठेवून तिने मराठीत विचारलं, "काका, यात बाबाचं नाव का नाही?"

साहेब, मी सौदे करणारा माणूस आहे, पण यात घासाघीस नाही. तिच्या घरी जा, तिच्यासमोर बसा आणि या प्रश्नाचं उत्तर द्या.