दात येईपर्यंत

प्राजक्ताचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. "काका, आबा गेले," एवढंच ती म्हणाली. माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, पण दात आला का?" तिचा सासरा गेलाय आणि मी दाताचं विचारतोय! तीही रडता रडता म्हणाली, "नाही हो काका... नुसतं टोक दिसतंय."

मधू, म्हणजे तिचे आबा, आणि मी ओझरच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर गंगापूर रोडच्या तैलरंगाच्या क्लासला त्यानंच मला ओढत नेलं. मी झाडं, घाट काढून खूश होतो. याला मात्र नातीचं, सईचं पोर्ट्रेट काढायचं होतं. तेही हुबेहूब, समोर बसवून. आयुष्यभराची खोड, पोरीचा चेहरा चक्क मशीनचे भाग मोजायच्या व्हर्निअरनं मोजायला निघाला. ती किंचाळत आईमागे लपली. मग अंदाजानं काढलेलं पहिलं चित्र पाहून मी म्हटलं, "अरे, ही तर तिची आत्या झाली!" सरांनी समजावलं, लहान मुलांचं कपाळ मोठं असतं, डोळे खाली घ्या. गडी रुसला नाही. सगळं खरवडून पुन्हा बसला. गालांना लाल जास्त झाला की पोर तापानं फणफणल्यासारखी दिसायची, सावलीत काळा मिसळला की मळकट. असं करता करता एक दिवस कॅनव्हासवरून खरोखरची सई बघायला लागली. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

राहिलं फक्त तोंड. नेमके तेव्हाच तिचे पुढचे दोन दात पडले. सईनं बजावलं, "आबा, बोळकं नाही काढायचं हं. दात आल्यावर काढा, मी अजिबात हलणार नाही." मी म्हटलं, "मिटलेलं तोंड काढ आणि मोकळा हो." तर म्हणतो, "तोंड मिटलेली सई तू कधी बघितलीस?" त्याच सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय. पाय सुजायचे, दोन पायऱ्यांत दम लागायचा. रोज सकाळी तो सईला खिडकीत उभी करून हिरडी बघायचा आणि मला फोन करायचा, "आज पण नाही रे." एकदा म्हणाला, "बघू, कोण आधी... तिचे दात, का मी." मी त्याच्यावर ओरडलो. दुसरं काय करणार होतो? दात आमचं ऐकेनात, आणि त्याचं हृदय डॉक्टरांचंही ऐकेना.

परवा, इतक्या आठवड्यांनी, प्राजक्तानं बोलावलं म्हणून गेलो. त्याच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास अजून आहे. इझलवर सई, आणि तोंडाच्या जागी नुसता मातकट रंग. तेवढ्यात खरी सई आली, खिडकीजवळच्या स्टुलावर बसली आणि मधू बसवायचा तशी मान किंचित डावीकडे वळवून हसली. दोन्ही दात दिसण्याइतके आले होते, करवतीसारख्या कडांचे.

"काका आजोबा, आता काढा. मी आबांना प्रॉमिस केलंय."

मी ब्रश उचलला. मला झाडं येतात हो... हे नाही येत. आणि आलं असतं, तरी मधूच्या रंगांत माझा हात कसा घालू? पोर खरंच हलत नव्हती. एरवी जागेवर न ठरणारी ती, हसू धरून तशीच बसली होती. बऱ्याच वेळानं ओठ न हलवता तिनं विचारलं, "झालं?"

"होतंय, होतंय," मी म्हणालो. ब्रश अजून कोरडाच होता.