बाईंचा वरचा सूर

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, माहीत नाही. मी अजून शिकतोय. कानाच्या तपासणीचा कोर्स करतो, शेवटच्या वर्षाला आहे आणि नगरमधल्या एका क्लिनिकमध्ये मॅडमच्या हाताखाली इंटर्न आहे. गाण्यातलं तर मला काहीच कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे असं काही लिहिण्याआधी कुणाला विचारायचं असतं का, हेही ठाऊक नाही. चुकलं तर माफ करा. पण यासीनचाचा माझे पेशंट होते, आणि त्यांच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

चाचा टेबलापलीकडे बसले होते. दोन्ही कानांतली मशीनं काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"डॉक्टर, हे तुमचं मशीन बाईला धरून हलवतंय."

मी डॉक्टर नाही, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, "कानात बोट घालून पैलं तपासलं ते तुमीच. मंग तुमीच डॉक्टर."

चाचा देवळाली प्रवराचे. त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, उरूस, गणपती, पुढाऱ्याचं भाषण, काहीही असो, भोंगे यासीनचाचांचे. डीजे आले तसा धंदा बसला, आणि त्याच सुमाराला कानही गेले. सून शबानाभाभी त्यांना आमच्याकडे घेऊन आली. तिचा नवरा शिर्डीत हॉटेलात कामाला, सुट्टी मिळेल तेव्हा घरी येतो. बाकी वेळ घरात ही आणि चाचा.

पहिल्या दिवशी ऑडिओग्राम काढला. ऑडिओग्राम म्हणजे कोणत्या पट्टीतला आवाज किती मोठा केला की ऐकू येतो, त्याचा आलेख. डावीकडे खालचे आवाज, उजवीकडे वरचे. चाचांची रेघ डावीकडे बरी होती आणि मग घाट उतरावी तशी खाली गेली होती. उजव्या कानाची जास्त.

"भोंग्याजवळ उभे राहायचा का?" मी मोठ्यानं विचारलं.

"जवळ? आत!" चाचा हसले. "भोंगा नवा असू दे न्हाईतर रिपेर केलेला, त्याच्यावर बाईंची तबकडी लावायची. बाई वरच्या सुराला गेली की भोंग्याच्या तोंडाशी कान न्यायचा. सूर फाटला न्हाई तर भोंगा पास."

"उजवा कान?"

"उजवाच. डावा हात व्हॉल्यूमवर असायचा ना."

बाई म्हणजे जुन्या सिनेमांत पडद्यामागून गाणारी एक गायिका. नाव तुम्हाला माहीत असेल. चाचा ते कधी घेत नसत, म्हणून मीही घेत नाही. त्या काळच्या पुरुष गायकांना ते शेजारच्या पोरांसारखे एकेरीत बोलवायचे. हा रडका आहे, पंगतीत लावायचा नाही. तो नाचरा आहे, वरातीत चालतो. बाईंचं मात्र तसं नव्हतं. नवरी निघताना फक्त बाई. दुसरं कोणी लावलं तर चाचांच्या मते लग्नच नीट लागलं नाही.

"पुरुष गडी भिंतीपल्याडून आल्यागत येत्यात अजून," ते म्हणाले. "बाई मातुर येतच न्हाई."

मॅडमनी ट्रायलसाठी दोन मशीनं दिली. ती कानामागे बसवतात. वापरून बघा, सवय होते का ते सांगा, अशी पद्धत आहे. मी मशीनं कम्प्युटरला जोडली, ऑडिओग्रामप्रमाणे सेट केली आणि सुरू केली. भाभी मागून हळूच म्हणाली, "अब्बा, चहा घेनार का?" चाचा गर्रकन वळले.

"व्हय. आन् साखर घालून. इतके दिवस बिनसाखरेचा देत हुती, वरडायचं तर मला माझाच आवाज ऐकू येत न्हवता."

सगळे हसले. मला वाटलं, झालं काम.

आणि मग ते आठवड्यानं आले, बाईला मशीन हलवतंय अशी तक्रार घेऊन.

मशीनं परत कानांना लावून मी मोबाईलवर बाईंचं एक गाणं लावलं. चाचांनी एका लांब सुरावर बोट वर केलं. "हितं बगा. बाई हितं दगडावानी उभी ऱ्हाती. आन् हे तिला थंडी वाजल्यागत कापवतंय."

मॅडमना विचारलं. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "फीडबॅक. बंद कर."

कानाचं मशीन कधीकधी स्वतःच शिट्टी मारतं, त्याला फीडबॅक म्हणतात. ती थांबवायला मशीनमध्ये एक सोय असते. लांब, सरळ, न हलणारा आवाज आला की मशीनला वाटतं ही शिट्टीच, आणि ते तिला कापायला जातं. बोलण्यात असा आवाज येत नाही. बाईंच्या गळ्यात मात्र तोच. म्हणजे बाई जितक्या चांगल्या गातील, तितकं मशीन त्यांना शिट्टी समजणार.

मी गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम केला आणि ती सोय बंद केली. परत गाणं लावलं. चाचांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं.

"आता हलत न्हाई," ते म्हणाले. "पन दोघी गातायत."

"दोघी कोण?"

"बाई आन् बाई. एक जरा खाली."

मला वाटलं, म्हातारपण आहे. मॅडमना तसं वाटलं नाही. त्यांनी मला दोन्ही कानांत एकच सूर आलटूनपालटून सोडायला सांगितला. डाव्यात सोडला, चाचा म्हणाले, "हा." उजव्यात तोच सोडला, म्हणाले, "हा त्याच्याखालचा." मी कम्प्युटर दोनदा तपासला. सूर एकच होता.

कानाच्या आत, शंखासारख्या नळीत, बारीक पेशी ओळीनं बसलेल्या असतात. प्रत्येकीचा सूर ठरलेला. मोठ्या आवाजानं काही पेशी मरतात. मग त्यांच्या नावाची हाक शेजारचीच घेते, आणि मेंदूला वाटतं शेजारचा सूर वाजला. चाचांच्या दोन कानांत वेगवेगळ्या पेशी मेल्या होत्या. बोलण्याला याचा फारसा त्रास होत नाही. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी "जेवायला या" हे जेवायला याच राहतं. गाण्याचं तसं नसतं.

मॅडम म्हणाल्या, "गाण्याच्या वेळी एकच मशीन घालू दे. डावं."

चाचा एकच घालून गेले. नंतर आले तेव्हा टेबलावर त्यांनी सेलचं आख्खं पाकीट ओतलं. सगळे वापरलेले.

"सेलात करंट न्हाई," ते म्हणाले. "एकटीच गाती आता, पन उतरलीय. सगळे सेल बदलून बगितले."

भाभी कपाळाला हात लावून म्हणाली, "दिसभर सेलच बदलत्यात. मी म्हनलं कंपनी काढताय का?"

"तुला काय कळतंय?" चाचा तिच्याकडे वळले आणि मग मला समजावायला लागले. पूर्वी लग्नात लाईट जायची. तबकडी जनरेटरवर चालायची. जनरेटर दमला की तबकडी हळू फिरते आणि बाई खाली उतरते. मांडवात कुणाला कळायचं नाही. चाचा जेवत असले तरी उष्ट्या हातानं उठायचे. "बाई स्वताहून कदी उतरत न्हाई. उतरली की करंट बगायचा."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "चाचा, सेल चांगले आहेत. मशीनही चांगलं आहे. फरक कानात आहे."

"मंग कानाचा जनरेटर कुठं असतो?"

"आत. तो गेलाय. आणि तो बदलता येत नाही."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मॅडमकडे नाही, माझ्याकडे. मी म्हणालो, "मी काहीतरी बघतो, चाचा."

मॅडम नंतर म्हणाल्या, "काय बघणार आहेस?" माझ्याकडे उत्तर होतं. चाचांना गाणं खाली उतरलेलं ऐकू येतं, तर गाणंच तेवढं वर चढवायचं. मोबाईलवर तसं ॲप मिळतं. त्या म्हणाल्या, "करून बघ. पण फार अपेक्षा ठेवू नकोस."

दुपारी पेशंट कमी असतात. अशा एका दुपारी चाचांना बोलावून मी चढवलेलं गाणं लावलं.

"खालचं बराबर बसलं," ते म्हणाले. "वरचा सूर अजून खाली हाय."

आणखी चढवलं.

"आता वरचा बसला. खालचं चढलं."

मग मधलं काहीतरी करून बघितलं. मग फक्त मुखडा, मग अंतऱ्यातली ती एकच वरची ओळ. ती ओळ मी पुनःपुन्हा लावत होतो आणि चाचा दर वेळी डोळे मिटून, मान थोडी उजवीकडे झुकवून ऐकत होते. नंतर ते नुसतंच मान हलवायला लागले. कान प्रत्येक सुराला वेगळं वाकवत होता. सगळ्यांना मिळून एक दुरुस्ती नव्हतीच. हे मला पुस्तकातून आधी कळायला हवं होतं. ते कळलं दिवेलागणीला, चाचा "ऱ्हाऊ द्या, डॉक्टर" म्हणाले तेव्हा.

यानंतर ते एकदाच आले. मशीनं कागदात गुंडाळून आणली होती.

"हे घ्या. घालत न्हाई मी."

मी जोरात म्हणालो, "चाचा, गाण्याचं जमलं नाही, पण बोलणं तर चांगलं ऐकू येतंय ना?"

"मशीन न्हवतं तवा बरं हुतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, हिशेब सांगावा तसा. "कान गेल्ते, पन डोळं मिटलं की आख्खी तबकडी वाजायची. खरखरीसकट. बाई वर गेली की अंगावर काटा यायचा, ऐकू येत नसताना. आता डोळं मिटलं तर ही उतरलेलीच येती. त्या दिवशी तुमच्याकडं ऐकली ती. पैली कशी हुती ते आठवाया जातो, तर हीच उभी ऱ्हाती."

मी मशीनं कागदातून सोडवली.

मग मोठ्यानं म्हणालो, "थोडे दिवस गेले की मूळची परत येईल."

"येती?"

मी मॅडमकडे बघितलं. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "माहीत नाही, चाचा."

भाभी इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढे आली. "अब्बा, गानं नका ऐकू. पन माझ्याशी बोलाया तरी घाला. चार दिस घरात कोनीतरी बोलत हुतं."

चाचांना ते ऐकू गेलं नाही. तिनं मशीन उचलून त्यांच्या कानाशी धरलं आणि परत तेच म्हणाली. त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला.

"बेटी, गावात कुठं ना कुठं बाई वाजतीच. रसवंतीवर वाजती, सलूनात वाजती, कुनाच्या खिशात वाजती. मशीन घातलं की कानावर येनार. जितकी भायेरची येती तितकी आतली पुसती. जी काय उरली आसंल ती ऱ्हाऊ दे."

भाभीनं मशीनं टेबलावर ठेवली. जाताना तिनं मला "येते भाऊ" म्हटलं. चाचा पुढे निघून गेले होते. मी हाक मारली असती तर त्यांना ऐकूही गेली नसती.

मी ती मशीनं पुसली, जुनं सेटिंग काढून टाकलं आणि ट्रायलच्या डब्यात ठेवली. दुसऱ्याच दिवशी ती एका रिटायर्ड कंडक्टरना लावली. ते खूश आहेत. बातम्या ऐकतात.

या कामात एक गोष्ट शिकलो. नवीन पेशंटला मी आता आधी विचारतो, गाणी ऐकता का. हो म्हणाले तर सांगतो, आवडतं गाणं सुरुवातीला लावू नका. आधी बोलणं ऐका, भाजी विकणाऱ्याची हाक ऐका. गाण्याचं नंतर बघू. बरेच जण हसतात. मॅडमनी एकदा हे ऐकलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. पण कारण सांगू नकोस."

चाचांचं पुढं काय झालं, ते बरेच महिने कळलं नाही. भाभीचा नंबर लागत नव्हता. परवा देवळाली प्रवराला शाळेत कानतपासणीचं शिबिर होतं. मुलांची रांग होती. शेजारच्यांच्या एका मुलीला घेऊन शबानाभाभी उभी होती. मुलीचे कान चांगले होते. तपासून झाल्यावर मी विचारलं, "चाचा कसे आहेत?"

"अब्बा गेले. थंडीतच," ती म्हणाली. "दुपारचे निजले ते उठलेच न्हाईत."

"मशीन परत कुठून घेतलं होतं का?"

"न्हाई. शेवटपर्यंत न्हाई."

मागची मुलं ढकलाढकली करत होती. मला एकच विचारायचं होतं. म्हटलं, "भाभी, त्यांची बाई, ती डोक्यातली, पहिल्यासारखी परत आली होती का? काही म्हणाले का कधी?"

भाभीला राग आला नाही.

"भाऊ, हातवारे करून जेवान इचारता येतं, गोळी घेतली का इचारता येतं," ती म्हणाली. "हे कसं इचारायचं? शेवटी तर वरडलं तरी ऐकू जात न्हवतं. लिवून दावावं, तर त्यांना वाचता येत न्हवतं."

मग मुलीचा हात धरून ती रांगेतून बाहेर पडली.