वेल्चोच्या गोठ्यातली पिवळी पावडर

डोब्रुजा प्रांतातल्या सात गावांत गुरांची डॉक्टर म्हणून रुसांकानं तीस वर्षं काढली. पू, शेण, पोटात कुजलेलं कोकरू, कशाचीच तिला किळस वाटत नसे. मार्चमध्ये ती वेल्चोच्या मेंढ्या बघायला गेली, तेव्हा मात्र ती दारातच थबकली. मेंढ्यांच्या पाण्याच्या बादलीत तो उघड्या हातानं पिवळसर पावडर कालवत होता.

"हे काय?"

"क्लोराम्फेनिकॉल. मेंढ्यांना हगवण लागलीय. सगळ्या जंतूंवर चालतं म्हणतात."

"चालतं, म्हणूनच लोक देतात आणि घात होतो. दूध देणाऱ्या जनावराला हे द्यायला बंदी आहे, वेल्चो. दुधातून माणसाच्या पोटात गेलं तर एखाद्याच्या हाडातलं रक्त बनणंच थांबतं. हजारोंत एखाद्याला होतं, पण तो एखादा कोण, हे आधी कळत नाही. आणि कितीसं चालेल, तेही कुणाला ठाऊक नाही."

वेल्चोनं हात विजारीला पुसले. "माझ्या बापाच्या वासरांना तुम्हीच द्यायचात, डॉक्टरीणबाई. तेव्हा नाही रक्त आटलं कुणाचं?"

रुसांकाचा चेहरा उतरला. द्यायचीच ती, बंदी येण्याआधी, मुठीमुठीनं. कुणाचं रक्त आटलं का, हे तिनं कधी विचारलंही नव्हतं.

"या मेंढ्यांच्या दुधाचं चीज शाळेत जातं," ती म्हणाली.

"मग काय? मीठ लावतोच की." तो हसला आणि त्यातलाच एक तुकडा तिच्यापुढे धरला.

तुकडा न घेताच ती बाहेर पडली, कुंपणाशी थुंकली आणि थेट अन्न तपासणी कार्यालयाला फोन केला. दुसऱ्या दिवशी सगळं दूध आणि चीज खड्ड्यात गेलं. गावात तिचं नाव 'चुगलखोर' पडलं. बेकरीतली बाई सुटे पैसे तिच्या हातात न देता फळीवर टाकू लागली.

आठवड्यानं वेल्चोची आई दोना रुसांकाच्या दारात उभी राहिली. डोळे लालभडक, चिकटलेले. हातात औषधाची बारीक कुपी.

"माणसांच्या डॉक्टरनं दिलीय. नातीनं नाव वाचलं. तेच विष ना गं हे?"

रुसांकानं तिला खुर्चीवर बसवलं. "डोळ्यात दोन थेंब, डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. तिथं ते औषधच आहे. बादलीत ओतलं की विष."

"माझ्या पोरानं शाळेतल्या पोरांना हे खाऊ घातलं," दोना म्हणाली. "मला त्याच्या ताटात जेवण वाढवत नाही."

रुसांकानं तिची पापणी ओढली आणि थेंब सोडला.